दुसऱ्या आकड्याचं भांडण

मेश्राम सर,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोला म्हणाले होते, आणि मी नाही म्हटलं. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "सदाशिव पेठेची बाई आणि माईक नको म्हणते? ताप आलाय का?" ताप नव्हता. माझ्या आधी पाच जण बोलले. तुमच्या शिस्तीबद्दल, तुमच्या साधेपणाबद्दल, विमानात काढलेल्या सव्वीस वर्षांबद्दल. सगळं खरं होतं. पण माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे होतं ते फक्त भांडण, सात वर्षं चाललेलं. भरल्या हॉलमध्ये, तुमच्या फोटोशेजारी उभं राहून भांडण कसं सांगणार? शिवाय त्यात माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे, ती आधी तुम्हालाच सांगायला हवी. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही आमच्या कंपनीत आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. कोथरूडमधलं आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, की एक निवृत्त नेव्हिगेटर सल्लागार म्हणून येताहेत, टेहळणीच्या विमानांत त्यांचं आयुष्य गेलंय, ते बोलतील ते ऐकून घ्या आणि माना डोलवा. तुम्ही तीन मजले चढून आलात, कुणाशी ओळख करून न घेता सरळ माझ्या टेबलापाशी थांबलात, आणि माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलंत.

"हा आकडा कुठून येतो?"

"उपग्रहाकडून."

"आणि उपग्रह खोटं बोलला तर?"

"उपग्रह खोटं बोलत नाहीत, सर."

"माणसं बोलतात ना. उपग्रह आणि तुमच्यामध्ये माणसं आहेतच की."

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं मी त्या कामाला जुंपलेली होते. मी म्हटलं, "सर, आपण सल्ला द्यायला आला आहात की तोंडी परीक्षा घ्यायला?"

साहेबांचा चेहरा मी बघितलाच नाही. तुम्ही मात्र माझ्याकडे नीट निरखून पाहिलंत आणि विचारलंत, "सदाशिव पेठ?"

"हो. का?"

"काही नाही. आवाजावरून अक्षांश-रेखांश लागले."

तिथून आपलं सुरू झालं.

आपलं काम काय होतं, हे माझ्या आईला मी आजवर नीट सांगू शकले नाही. तुम्ही मात्र ते तिला एकदा पाच मिनिटांत समजावलंत. आठवतं? ती मला डबा द्यायला ऑफिसात आली होती. तुम्ही म्हणालात, "ताई, समुद्रावर विमान तासन्‌तास फिरतं. खाली एक अनोळखी होडी दिसते. ती कुठे आहे ते सांगायचं, तर आधी आपण कुठे आहोत ते कळायला हवं. आमच्याकडे जुनं यंत्र होतं, ते निघाल्यापासून आपली पावलं मोजत बसायचं. डोळे मिटून पावलं मोजत तुळशीबागेपर्यंत गेलात तर पोचाल, पण दुकान चुकेल. तसं त्याचं. आता ही तुमची लेक त्याला डोळे देतेय. उपग्रह दर सेकंदाला सांगतो, तू इथे आहेस. फक्त तो फार लांबून आणि फार हळू आवाजात सांगतो. मधे कुणी ओरडलं तर ऐकू येत नाही. आणि कुणी त्याच्या आवाजाची नक्कल केली तर मग विचारूच नका." आईला तुळशीबाग तेवढी कळली. पण घरी जाऊन तिने शेजारी सांगितलं, की अनघा विमानाला डोळे बसवते. एवढी इज्जत मला इंजिनिअर झाल्यावरसुद्धा मिळाली नव्हती.

त्या पहिल्या चाचण्यांबद्दल मला लिहायचंच आहे. कुठल्या तळावरून विमान उडालं ते लिहीत नाही, तुम्हाला ते चाललं नसतं. एवढंच लिहिते, की किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात एक खडक होता, खडकावर दीपगृह होतं, आणि त्याची जागा नकाशावर अगदी पक्की ठाऊक होती. तुम्ही विमानात, मी खाली तळावरच्या पत्र्याच्या खोलीत. मला साधी बसही लागते, म्हणून वर जायचं मी टाळायचे. विमानाचा कॅमेरा दीपगृहावर रोखायचा, आणि आपल्या यंत्रणेने दीपगृहाची जागा काढायची. ती नकाशाशी जुळली की झालं.

ती जुळेना. दीपगृह दर वेळी खडक सोडून पाण्यात.

संध्याकाळी तुम्ही उतरलात, हेल्मेट काखेत धरून खोलीत आलात आणि म्हणालात, "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं आज आठ वेळा दीपगृह बुडवलं. खलाशांचं काही खरं नाही."

मला हसू आलं नाही. मी सगळा कोड पुन्हा तपासला होता, निदान तसं मला वाटत होतं. पुण्याला परत आल्यावर बैठकीत मी छातीठोकपणे सांगितलं, की सॉफ्टवेअर स्वच्छ आहे, दोष उपग्रहाचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरचा असणार. तो रिसीव्हर एका लहानशा कारखान्याने बनवला होता. नवराबायको मिळून चालवायचे, पंधरा-वीस माणसं. त्यांना नोटीस पाठवायची ठरली, यापुढे काम बंद. पत्र टाईपसुद्धा झालं. तुम्ही बैठकीत अवाक्षर काढलं नाहीत. बैठक संपताना फक्त साहेबांना म्हणालात, "पत्र उद्या संध्याकाळी जाऊ द्या. एक दिवसानं काही बिघडत नाही."

मग माझ्या टेबलावर तुम्ही एक कागद ठेवलात. पेन्सिलीने आठ ओळी. विमान दक्षिणेला जात असताना दीपगृह किती सरकलं आणि कुठे, उत्तरेला जात असताना किती आणि कुठे. खाली काही निष्कर्ष नाही, शेरा नाही. "जेवून आल्यावर बघा," एवढं म्हणून तुम्ही निघून गेलात.

मी जेवायला गेलेच नाही. दक्षिणेला जाताना दीपगृह उत्तरेला सरकत होतं. उत्तरेला जाताना दक्षिणेला. रिसीव्हर बिघडलेला असता तर चूक एकाच बाजूला झाली असती, किंवा वाटेल तशी. ही चूक विमानाच्या पाठीमागे चालत होती, शेपटासारखी. म्हणजे जागा चुकत नव्हती, वेळ चुकत होती. उपग्रहाने "तू इथे आहेस" म्हटलेलं वाक्य आमच्यापर्यंत पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागत होता, आणि माझा कोड ते वाक्य आत्ताचं समजत होता. तेवढ्या वेळात विमान पाऊणशे पावलं पुढे गेलेलं असायचं. रिसीव्हर बिचारा प्रत्येक संदेशावर त्याची वेळ लिहून पाठवत होता. मीच ती वाचत नव्हते. माझीच ओळ, माझ्याच हाताने लिहिलेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून मी ते सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "पण काल तर तुम्ही..." आणि तुम्ही मध्येच बोललात, त्या बैठकीत एकदाच. "काल कालचं होतं. चहा सांगा कुणीतरी."

पत्र फाडलं गेलं. तो कारखाना आजही आपले रिसीव्हर बनवतो. त्या बाईंना यातलं काही माहीत नाही. त्या दर दिवाळीला मला चकल्या पाठवतात आणि मी त्या मान खाली घालून खाते.

एक प्रश्न मात्र मी तुम्हाला कधी विचारला नाही, सर. तुम्हाला ते विमानातच कळलं होतं ना? आठ ओळी जो माणूस इतक्या नेमक्या लिहितो, त्याला नववी ओळ लिहिता आली नसती का? तुम्ही ती माझ्यासाठी सोडलीत. तेव्हा वाटलं, मला जरा भाजून काढायचं असेल. आता कळतं, की ती नववी ओळ तुम्ही बैठकीत म्हणाला असतात तर मी जन्मभर "मेश्राम सरांनी पकडलेली इंजिनिअर" झाले असते. आजही चूक मी स्वतः शोधली, असंच सगळे सांगतात. तुम्हीसुद्धा तसंच सांगायचात.

त्या संध्याकाळी आपण कर्वे रोडवरच्या अमृततुल्यमध्ये उभ्याने चहा घेतला आणि तुम्ही पहिल्यांदा घरचं काही बोललात. वैनगंगेकाठचं गाव. छप्पन साली तुमचे आजोबा दीक्षेसाठी नागपूरला पायी गेले होते. त्याआधी ते तालुक्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. मी विचारलं, "मग रस्ता कसा सापडला?"

"विचारत विचारत. पण एकाला विचारून भागायचं नाही. वाटेतल्या गावात कोणी मुद्दाम उलटा रस्ता दाखवायचा, यांना पाण्याच्या बाजूनं जाऊ द्यायचं नाही म्हणून. मग आजोबा दोघांना विचारायचे. दोघांचं जुळलं तर चालायचे. नाही जुळलं तर थांबायचे, तिसऱ्याला विचारायचे." कप ठेवत तुम्ही म्हणालात, "आमच्या घरातला पहिला नेव्हिगेटर तो."

नंतर किती वेळा वाटलं, यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. पण तुम्हीच विषय बदललात आणि माझ्या चहातल्या साखरेवर घसरलात.

खरं भांडण त्यानंतर पेटलं. यंत्रणा चालू लागली, आणि प्रश्न आला की विमानात मागे बसणाऱ्या माणसाला स्क्रीनवर दाखवायचं काय. माझं म्हणणं एकच जागा दाखवा. जुनं यंत्र आणि उपग्रह यांचा मेळ सॉफ्टवेअर घालेल, तेवढ्यासाठीच तर ते आहे. तो माणूस रडार बघतोय, कॅमेरा बघतोय, रेडिओ ऐकतोय, त्याला आणखी ओझं कशाला? तुमचं म्हणणं दोन्ही आकडे दाखवा, जुन्या यंत्राचा वेगळा आणि उपग्रहाचा वेगळा, शेजारी शेजारी.

"माणसाला नुसतं उत्तर देऊन भागत नाही," तुम्ही म्हणायचात. "उत्तरावर विश्वास किती ठेवायचा ते पण सांगा."

"विश्वास ठेवायचं काम सॉफ्टवेअर करतं, सर."

"आणि सॉफ्टवेअरवर विश्वास कोणी ठेवायचा?"

"ज्याने ते वापरायला घेतलंय त्याने."

"काऊन? तुम्ही सदाशिव पेठेच्या म्हणून?"

तुम्ही चिडलात की तुमची प्रमाण मराठी सुटायची, 'का'चं 'काऊन' व्हायचं, आणि मी चिडले की माझं "आपण" सुरू व्हायचं. सगळं ऑफिस मजा बघायचं. तुम्ही सुवाच्य अक्षरात तीन पानी टिपण लिहून दिलंत. मी त्याला चार ओळींचं उत्तर दिलं. शेवटची ओळ अशी होती: "अनुभवाचा आदर आहे, परंतु वापरणाऱ्याची सोय अधिक महत्त्वाची." ते "परंतु" फार लागट होतं. मला लिहितानाच ठाऊक होतं.

निर्णय माझ्या बाजूने झाला. एकच आकडा. दुसरा आकडा आत कुठेतरी, तीन बटणं दाबून उघडेल अशा पानावर. तुम्ही निर्णय ऐकलात, "बरं" म्हणालात, आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोललात. "अनघा"ची पुन्हा "मॅडम" झाले.

तो महिना काकूंनी संपवला. मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं. एका शनिवारी त्यांचा फोन आला. "मी मेश्रामांकडून बोलते. उद्या जेवायला ये. हे घरात दिवसभर तुझ्याशी भांडतात आणि उत्तरं मला द्यावी लागतात. एकदा समोरासमोर काय ते करा."

कर्वेनगरच्या तुमच्या घरी काकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "तुमच्याकडे आमटीत साखर घालतात ना?"

"गूळ," मी नाक पुसत म्हटलं.

"वा. म्हणजे इथं पण चूक माझीच."

काकू जोरात हसल्या, मग मी, मग तुम्ही. मिटलं. भांडण मिटलं नाही, अबोला मिटला. त्यानंतर महिन्यातून एखादा रविवार मी तिकडे असायचे. रस्सा मला झेपायला लागला. आमच्या घरी आता आमटी फारच गोड लागते, हे मी आईला सांगितलेलं नाही.

आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं.

गेल्या वर्षी तुमच्या हृदयाने कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी तुमचं उडणं बंद केलं. गेल्या महिन्यातल्या चाचणीला वर कोण जाणार? मीच उरले. जाताना तुम्ही मला तीन सूचना दिल्या होत्या: सकाळी पोहे खाऊ नकोस, खिडकीतून क्षितिजाकडे बघ, आणि घाबरलीस तर काहीतरी मोज. पोहे खाल्ले नाहीत. बाकी दोन्ही उपयोगी पडल्या.

समुद्रावर दोन तास झाले होते. माझ्या शेजारी ऑपरेटर होता, विशीतला हरियाणाकडचा मुलगा, अत्यंत हुशार. स्क्रीनवर माझा तो एक सुंदर आकडा. सगळं हिरवं. उपग्रह भरपूर, संदेश खणखणीत. आणि तरीही मला काहीतरी खटकलं. काय, ते आजही सांगता येत नाही. एक बोट आम्ही मघाशी नोंदवली होती. ती जाळं टाकून उभी होती, आणि आता ती नोंदीच्या जागेपासून जरा बाजूला दिसत होती. होड्या हलतात. ऑपरेटर म्हणाला, "बह गई होगी, मॅम." असेल. पण माझा हात आपोआप तीन बटणांकडे गेला.

आतल्या पानावर दोन आकडे होते, आणि ते एकमेकांपासून दूर जात होते. हळूहळू. इतके हळू, की सॉफ्टवेअरला अजून शंका आली नव्हती. कुणीतरी उपग्रहाच्या आवाजाची नक्कल करत होतं. मुद्दाम, की कुठल्या जहाजावरचं यंत्र बिघडलं होतं, ते आम्हाला अजून सांगितलेलं नाही. मी कॅप्टनना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणतंय?"

"सॉफ्टवेअर म्हणतंय सगळं ठीक आहे."

"आणि तुम्ही?"

मी म्हटलं, मला उपग्रहाचा भरवसा वाटत नाही. मग चार मिनिटं गेली, सर. चार मिनिटांनी माझ्या सॉफ्टवेअरला कळलं. त्याने उपग्रहाला बाजूला काढलं, जुन्या यंत्रावर गाडी आणली, पिवळा दिवा लावला, सगळं जसं लिहिलं होतं तसं. कॅप्टन म्हणाले, शाबास. अहवालात लिहिलं गेलं, यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे काम केलं. ते खोटं नाही. पण ती चार मिनिटं मी त्या दोन आकड्यांना धरून बसले होते. माझ्या एका सुंदर आकड्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. शेजारचा तो मुलगा मात्र त्याच्याचकडे बघत होता, कारण मी त्याला दुसरं काही दिलंच नव्हतं.

परत आल्यावर आठच दिवसांत तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला आले. तुमच्या उशाशी यंत्र होतं, नाकाला नळी. आवाज बारीक झाला होता, पण डोळे तेच. बसता क्षणी तुम्ही विचारलंत, "वर काय झालं ते कळलं मला. नकली आवाज आला होता म्हणे."

"हो."

"एकच आकडा पुरला?"

आणि मी म्हटलं, "पुरला."

का म्हटलं? तुम्ही आजारी होतात, भांडायची ती वेळ नव्हती, असं मी स्वतःला रिक्षात सांगितलं. ते खरं नव्हतं. मला हरायचं नव्हतं. ती चार ओळींची चिठ्ठी, ते "परंतु" मला मागे घ्यायचं नव्हतं. ठरवलं, घरी आले की सांगू, रस्सा खाता खाता, हसत हसत. तुम्ही माझ्या हातावर थोपटलंत आणि म्हणालात, "छान झालं. शाबास." मग डोळे मिटलेत. चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

परवा आमच्या ऑफिसात पुढच्या आवृत्तीची बैठक होती. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, दोन्ही आकडे पुढच्या पानावर आणा. सायली म्हणून एक नवी इंजिनिअर आहे, चुणचुणीत, माझ्याच हाताखाली तयार झालेली. ती म्हणाली, "मॅडम, पण वापरणाऱ्याची सोय?" मी तिला चार मिनिटांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, सगळ्यांना. ती म्हणाली, "पण शेवटी सॉफ्टवेअरनेच पकडलं ना?" काय सांगू, सर, तिचं बोलणं इतकं बिनतोड होतं! दीड तास आमचं वाजलं. शेवटी ठरलं, एका विमानावर सहा महिने दोन आकडे दाखवून बघायचे, आणि मग त्या मागच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनाच विचारायचं. सात वर्षांत हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

तिथून मी थेट कर्वेनगरला गेले. काकूंना सगळं सांगितलं. दवाखान्यातलं सुद्धा. "काकू, मी त्यांच्याशी खोटं बोलले. त्यांचंच बरोबर होतं. आणि आज त्यांच्या बाजूने भांडून आलेय."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि, सर, त्या हसायला लागल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच असावं, कारण आतून तुमची लेक धावत आली.

"अगं बाई," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ते तर तुझ्या बाजूला गेले होते."

"म्हणजे?"

"दवाखान्यात ते यंत्र नव्हतं का उशाशी? त्याच्यावर सात-आठ आकडे. हिरवे, लाल, पिवळे. एक खाली गेला की मी घाबरायची, दुसरा वर गेला की हे घाबरायचे. दिवसभर आमचं तेच, हा इतका काऊन झाला, तो तितका काऊन झाला. तू येऊन गेलीस त्या संध्याकाळी त्यांनी सिस्टरला बोलावलं. म्हणाले, ते तिकडे तोंड करून ठेवा. आम्हाला एकच सांगत जा, बरं चाललंय की नाही. बाकीचं तुम्ही बघा. आणि मला म्हणाले, अनघा बरोबर म्हणत होती. मी उगाच सात वर्षं पोरीचं डोकं खाल्लं. घरी गेल्यावर सांगतो तिला."

मी आधी हसले की आधी रडले, ते तुमची लेक तुम्हाला सांगू शकली असती, मला आठवत नाही. माझा "पुरला" तुम्ही खरा मानलात, याचं वाईट वाटलं. मग मनात आलं, नुसत्या माझ्या शब्दावर तुम्ही कधी काही मानलं होतंत? तुम्ही दोघांना विचारणाऱ्यांच्या घरातले. मला विचारलंत, आणि उशाशी लागलेल्या यंत्रालाही विचारलंत, आणि दोघांचं जुळलं. एवढं मात्र नक्की, की त्या संध्याकाळी तुम्ही आकड्यांकडे पाठ फिरवून काकूंकडे तोंड करून झोपलात. काकू म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. ते माझ्या बाजूमुळे झालं असेल तर ती बाजू इतकीही वाईट नव्हती.

आणि तरीही, सर, तुम्ही चुकलात. पलंगावरचा पेशंट वेगळा आणि विमानातला माणूस वेगळा, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. पेशंटशेजारी सिस्टर असते. माझ्या त्या ऑपरेटरशेजारी एरवी कुणी नसतं. हे तुमचंच म्हणणं आहे, तीन पानी टिपणातलं, दुसऱ्या पानावरचं. उद्यापासून मला ते सायलीला पटवायचंय, आणि ऐन वेळी तुम्ही फितूर होऊन तिच्या बाजूला जाऊन बसला आहात. बसा. मी तुम्हा दोघांना पुरून उरेन.

तुमची,
अनघा